निळ्या जडीचा भाव

मंगळवारी इंदूरहून फोन आला. दादाने उचलला. तो "हं" म्हणाला, फोन ठेवला आणि वहिनीकडे पाणी मागितलं. तू गेली होतीस, अक्का.

बुधवारपासून माणसं भेटायला येऊ लागली. मी दाराशी बसलो होतो. येणारा प्रत्येक जण चपला काढता काढता म्हणायचा, "सुटली बिचारी." दादाच्या फॅक्टरीतले म्हणाले, शेजारच्या बाई म्हणाल्या, धारहून आलेले तुझे काका म्हणाले. जणू सगळ्यांनी फाटकाबाहेर उभं राहून तुझा भाव ठरवला होता आणि एकेक जण आत येऊन तो कळवत होता. आत बसल्यावर दुसरं वाक्य यायचं, किती सोशीक होती.

ते खोटं मी लिहिणार नाही. तू सोशीक नव्हतीस. तू भांडखोर होतीस, जिभेने तिखट होतीस, आणि कोणाचं चुकलं की ते चारचौघांत सांगायचीस. पथ्यामुळे तुला मीठ चालायचं नाही, तरी वहिनीच्या कढीत मीठ कमी आहे हे तू तिला दर वेळी ऐकवायचीस. मला तू कधी शाबास म्हटलं नाहीस. माझं एम. ए. झालं तेव्हा मी पेढे घेऊन आलो होतो. तू पेढा हातात धरून म्हणालीस, आता अर्थशास्त्र समजलंय तर बाजारातून कोथिंबीर तरी ताजी आणत जा.

हॉलच्या कोपऱ्यात कॉम्प्युटरवर वहिनीने चादर टाकली होती. काकांनी विचारलं, ही दिवसभर त्याच्यासमोर काय करायची म्हणे? वहिनी म्हणाली, "गेम खेळायच्या वन्सं. तेवढाच वेळ जायचा."

मी काकांना समजावून सांगायला गेलो. म्हटलं, तो इंटरनेटवरचा खेळ आहे. गावोगावची माणसं एकाच वेळी त्यात असतात. किल्ले असतात, लढाया असतात. लढणाऱ्यांना हत्यारं लागतात, औषधं लागतात. ती बनवणारे वेगळे. आणि त्यासाठी लागणारी जडीबुटी, लाकूड, लोखंड, कातडी रानोमाळ फिरून गोळा करणारे आणखी वेगळे. अक्का गोळा करणाऱ्यांतली होती.

"म्हणजे खोट्या रानातलं खोटं गवत," काका म्हणाले.

मी हो म्हटलं. ते खरी माणसं घेत होती का, असं त्यांनी विचारलं. घेत होती, भावावरून भांडतही होती, असं मी सांगितलं. काकांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, चला, बरं झालं, जीव रमला तिचा.

तुझा जीव रमत नव्हता. तुझा जीव भांडत होता. तुझ्या एका तासाची किंमत काय, एवढाच त्या भांडणाचा विषय होता. ते भांडण मिटलेलं नाही, आणि मिटल्यासारखा चेहरा करून चहा पीत बसणं मला जमत नाही. म्हणून लिहितो.

मराठीत लिहितो तेही तुझ्यामुळे. मी हिंदी शाळेत शिकलो. आपल्या घरांत देव्हाऱ्यासमोर मराठी आणि बाकी जगाशी हिंदी अशी वाटणी केव्हाच झाली होती. उन्हाळ्यात मी धारला मावशीकडे, तुमच्या घरी यायचो, तेव्हा तू मला दुपारभर समोर बसवून मोठ्याने वाचायला लावायचीस. अडखळलो की माझ्या कानाची पाळी धरायचीस आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून. बाहेर बाकीची मुलं पेरूच्या झाडावर असायची. मला तुझा भयंकर राग यायचा. पुढे मी जे काही वाचलं ते त्या कानाच्या पाळीने वाचलं. आभार मानायचे राहून गेले. मानले असते तर तू डोळे बारीक करून विचारलं असतंस, काय हवंय तुला?

तुझ्या किडन्या गेल्या आणि तू धार सोडून देवासला दादाकडे आलीस. इथून इंदूर जवळ. मंगळवार आणि शुक्रवार दुपारी डायलिसिसला न्यायला व्हॅन यायची. दादाला शिफ्ट सोडता यायची नाही, म्हणून मी कॉलेजात त्या दोन दुपारांची अर्धी रजा लावून घेतली आणि तुझ्याबरोबर येऊ लागलो. हॉस्पिटलच्या त्या हॉलमध्ये तू खुर्चीत, शेजारी स्टुलावर मी. यंत्र तुझं रक्त बाहेर घ्यायचं, धुवायचं, परत द्यायचं. बाकीचे पेशंट डोळे मिटून पडायचे. तू वाद घालायचीस.

गोलूची गोष्ट मी तुला तिथेच सांगितली होती. गोलू माझा जुना विद्यार्थी, मंडीतल्या एका आडत्याचा मुलगा. बी. कॉम. कसंबसं करून वडिलांच्या गादीवर बसला होता, पण त्याचं लक्ष बसस्टँडजवळच्या सायबर कॅफेत असायचं. त्याने त्या खेळात देवासच्या पोरांची एक टोळी उभी केली होती, टेकरी टायगर्स. एकदा पोह्याच्या गाडीवर मला धरून म्हणाला, सर, आप भी आओ, पूरा बाजार है उसमें. मी गेलो. मला लढता येईना, कंटाळून सोडून दिलं. पण दर रविवारी दुपारी ती टोळी खेळातल्या गावाच्या चौकात जमून गोळा केलेल्या मालाचे भाव ठरवते, हे मी तुला सांगितलं, तेव्हा तू खुर्चीत सरळ झालीस. भाव कशावरून ठरवतात, असं विचारलंस. मला सांगता आलं नाही. म्हणालीस, मला शिकव.

घरात ब्रॉडबँड नुकतंच आलं होतं. दादाने कॉम्प्युटर हप्त्यांवर घेतला होता आणि त्यावर पत्ते खेळण्यापलीकडे तो काही करत नव्हता. तू खेळात म्हातारा दाढीवाला पुरुष निवडलास आणि त्याचं नाव ठेवलंस मुनीम. सुया टोचून टोचून तुझा डावा हात बधिर झालेला. लढायला दोन्ही हात चपळ लागतात, ते तुझ्याच्याने होईना. म्हणून तू गोळा करायला लागलीस. पोरं तुला मुनीम भिया, म्हणजे मुनीम भाऊ, म्हणायला लागली.

निळी जडी उत्तरेकडच्या दलदलीत उगवायची. तिथे शत्रू नाही, खजिना नाही, काहीच नाही. एक रोप खुडायचं, दुसरं उगवेपर्यंत थांबायचं. कोणी जायचं नाही तिकडे. पण त्या जडीशिवाय जखमा भरणारा काढा बनत नव्हता आणि काढ्याशिवाय किल्ल्याची लढाई होत नव्हती. लाइट जाण्याच्या वेळा सांभाळून तू तासन्‌तास दलदलीत उभी असायचीस.

पहिल्या रविवारी तू माल घेऊन चौकात गेलीस तेव्हा गोलूने सगळ्यांत आधी त्यातली थोडी जडी बाजूला काढली. ती कशाची, असं तू विचारलंस. तो म्हणाला, नमुना. मंडीत असंच चालतं. आडत्या पोत्यात हात घालतो, मूठभर सोयाबीन काढून तळहातावर पाहतो, आणि पाहिलेली मूठ पोत्यात परत जात नाही. गोलूने तोच रिवाज खेळात आणला होता, आणि त्या पोरांपैकी कोणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. सगळी इथलीच.

तू लिहिलंस, "नमुना माल तपासायला काढतात. इथली प्रत्येक जडी हुबेहूब सारखी आहे. तू तपासतोस काय?"

"रिवाज है भिया," गोलूने लिहिलं.

मंगळवारी तू मला हे सांगितलंस तेव्हा मी इतका हसलो की नर्स येऊन रागावली. तू हसली नाहीस. तू म्हणालीस, या गावात दोन भावांनी एक राज्य वाटलं, रस्त्याची ही कड थोरल्या पातीची आणि ती कड धाकट्या पातीची, इथल्या पाण्यात वाटणी आहे, आणि तरी एकाला धड वाटता येत नाही.

तुझा हिशेब सरळ होता. ज्या वस्तूला जेवढा वेळ लागला तेवढा तिचा भाव. माझं म्हणणं होतं की वेळेला भाव नसतो, गरजेला असतो. दिवसभर खपून कोणी वाकडं मडकं केलं तर ते महाग होत नाही. तू म्हणायचीस, मी मडकं केलेलंच नाही, मी जडी आणली आहे, आणि ती त्यांना हवी आहे. मी म्हणायचो, हवी आहे म्हणून भाव आहे, तू तास घालवलेस म्हणून नाही. शुक्रवारी हाच वाद पुढे चालू. व्हॅनवाला आरशातून आमच्याकडे पाहायचा. एकदा त्याने न राहवून विचारलं, "दीदी, खेत कितने बीघा है आपका?"

घरातही तुझ्या वेळेचं तेच चाललं होतं. लसूण सोलायचा असला की वहिनी सूप आणून तुझ्यापुढे ठेवायची. वाटाणे, गवार, गव्हातले खडे, सगळं तुझ्यापुढे. अक्का बसलेलीच आहे. हे वाक्य दादा म्हणायचा, वहिनी म्हणायची, आणि त्यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. तू खरंच बसलेली असायचीस.

एकदा खुर्चीत सुई लागल्यावर तू मला विचारलंस, "तू माझ्याबरोबर येतोस त्याचा भाव काय?"

मी म्हटलं, घरच्या माणसांत भाव नसतो.

"म्हणजे फुकट," तू म्हणालीस. "गोलू पण मला हेच सांगतो. मुनीम भिया, आपण सगळे घरचेच."

डॉक्टरांनी त्याच सुमारास एकदा दादाला बोलावून घेऊन विचारलं होतं, की घरातलं कोणी किडनी देऊ शकेल का, तपासण्या करून बघता येतील. दादा म्हणाला, बघू. घरी आल्यावर वहिनीने खिचडी टाकली. त्यानंतर तो विषय आपल्या घरात कोणी काढला नाही. दादाला नोकरी होती, संसार होता, मला माझा होता. तू जडीच्या पैशा-पैशावरून अख्ख्या टोळीशी भांडलीस आणि त्या बाबतीत एक शब्द बोलली नाहीस. मी एकदा विचारणार होतो. तू आधीच म्हणालीस, "जे मागावं लागतं त्याचा भाव विचारायचा नसतो." आणि खिडकीबाहेर पाहू लागलीस.

मग किल्ल्याची लढाई ठरली. टोळीला काढा पाहिजे, म्हणजे जडी पाहिजे, आणि जडी एकट्या मुनीमकडे. तू रविवारी चौकात जाणं बंद केलंस. दलदलीच्या काठावर दुकान मांडून बसलीस आणि वर पाटी लावलीस: तासाला तास. नाणी घेणार नाही. ज्याला तासाभराची जडी हवी त्याने तासभर कुठलंही काम करून यावं. लाकूड तोडावं, दगड फोडावा, हरणांच्या मागे धावावं. जे मिळेल ते मला द्यावं, कमी मिळालं तरी चालेल. फक्त तास पुरा भरलेला असावा.

मी तुला म्हटलं, असा बाजार चालत नाही. तू म्हणालीस, न चालो.

गंमत म्हणजे काही दिवस तो चालला. दोन-चार पोरं हसत हसत लाकूड तोडून आली. तू त्यांना मोजून जडी दिलीस, नमुना न काढता. एकाने लिहिलं, भिया, लकड़ी काटना तो बहुत बोरिंग है. तू लिहिलंस, हो ना? तो दिवस मी तुझ्या चेहऱ्यावर पाहिला आहे. त्या हॉलमधल्या पांढऱ्या उजेडात त्याने कुठल्या वळणावर लाकूड तोडलं हे तू मला दोनदा सांगितलंस. तुझा एक तास आणि त्या पोराचा एक तास एकाच तराजूत बसला होता. त्यापलीकडे तुला काही नको होतं.

गोलूला ते परवडणारं नव्हतं. तो निरोपावर निरोप पाठवू लागला. तेव्हा तू त्याला लिहिलंस, घरी ये, समोरासमोर बसून ठरवू. खरे भाव समोरच्याचं तोंड पाहून ठरतात, असं तुझं मत.

तो मोटरसायकलवरून आला, हातात मिठाईचा डबा. मी होतोच. तू इस्त्रीची साडी नेसून, डाव्या हातावर पदर ओढून बसली होतीस. दाढीवाला मुनीम शोधत त्याने सगळ्या हॉलभर नजर फिरवली. मी म्हटलं, हीच. तो उभाच राहिला. मग पुढे होऊन तुझ्या पाया पडला. वहिनीने चहा आणला आणि बोलता बोलता सगळं सांगितलं, इंदूर, मंगळवार, शुक्रवार. म्हणाली, बाकी काय, दिवसभर बसलेल्याच असतात. गोलूने मान खाली घातली होती. तू भावाचं काढलंस तर तो म्हणाला, "दीदी, आपसे क्या भाव करना." मिठाई ठेवून गेला. तुला तो डबा उघडतासुद्धा येत नव्हता, पथ्य. तू म्हणालीस, हा आता वाईट वागणार. मी म्हटलं, पोरगा हळवा झाला होता. तू म्हणालीस, म्हणूनच.

रविवारी त्याने चौकात सगळ्यांना सांगितलं. मी तुझ्या मागे उभा राहून वाचत होतो. मुनीम भिया असल में हमारी दीदी हैं. बीमार रहती हैं. दीदी के पास टाइम ही टाइम है, हम लोग ठहरे काम-धंधे वाले. घंटे का घंटा बराबर नहीं बैठता. दीदी के चार का हमारा एक. सब बोलो दीदी की जय.

पोरांनी एकाखाली एक जय लिहिलं. पडदा भरून गेला. त्यांत तो लाकूड तोडणाराही होता.

मंगळवारी सुई लागल्यावर तू विचारलंस, "गोलू बरोबर बोलतोय का? पुस्तकाने सांग."

मी पुस्तकाने सांगितलं. एका तासाची किंमत म्हणजे त्या तासासाठी माणूस जे सोडतो ते. गोलू गादी सोडून येतो, गिऱ्हाईक सोडून येतो. तू विचारलंस, आणि मी काय सोडते? उत्तर तिथे त्या नळ्यांतून फिरत होतं.

तू म्हणालीस, "तुझ्याच पुस्तकात आहे ना, जे कमी ते महाग?"

"आहे."

"मग त्या सगळ्या पोरांत सगळ्यांत कमी तास कोणाकडे आहेत?"

नर्स आली, यंत्रावरचा आकडा पाहून गेली. पुस्तकात याचंही उत्तर आहे, अक्का. नुसतं कमी असून वस्तू महाग होत नाही. ती कोणाला तरी हवी असावी लागते. ते वाक्य माझ्या जिभेवर आलं आणि मी ते गिळलं. लहानपणापासून मी वाचताना कुठे अडखळतो हे तुला माझ्याआधी कळायचं.

"गिळलंस," तू म्हणालीस. "माहीत आहे मला काय ते." आणि डोळे मिटलेस.

त्या वाक्यापुढे आणखी एक वाक्य होतं. ते पुस्तकात नव्हतं, तुझे तास कोणाला हवे आहेत याचं होतं, आणि फक्त मलाच म्हणता आलं असतं. तुझे डोळे मिटलेले होते, नर्स पुन्हा आली, मग वेळ झाली आणि व्हॅन आली.

परतताना, क्षिप्रा ओलांडल्यावर, तू मला बेत सांगितलास. रविवारी चौकात जाऊन सगळी जडी जमिनीवर टाकायची. त्या खेळात टाकलेली वस्तू थोडा वेळ पडून राहते, कोणी उचलली नाही तर नाहीशी होते. तुझी खात्री होती की कोणी उचलणार नाही. लहानपणी धारच्या मंडीत सांडलेले दाणे तू गोळा करायला लागलीस तेव्हा मावसोबांनी तुझा हात धरून दाणे परत टाकायला लावले होते. दिलेलं घ्यावं, टाकलेलं घेऊ नये. आपल्याकडे पंगतीत पान वाढताना वाढप्याने वरून पुरी टाकली तर माणूस पानावरून उठतो. ही पोरं इथलीच, याच घरांतली, असं तू म्हणालीस. ती उभी राहतील, जडी त्यांच्यासमोर नाहीशी होताना बघतील, आणि त्यांना लाज वाटेल.

मी म्हटलं, उचलतील. तू म्हणालीस, तुला माणसं कळत नाहीत, तू पुस्तकं वाच.

रविवारी चौक भरला होता. मुनीम मधोमध गेला. तू एकेक जडी टाकायला सुरुवात केलीस. निळे ठिपके फरशीवर पडत गेले. आणि अक्का, क्षणभर कोणी हललं नाही. खरंच सगळे थांबले होते. तू माझ्याकडे वळून पाहिलंस. तेवढा एक क्षण तुझा होता, तो मी कोणाला देणार नाही.

मग गोलूने लिहिलं, अरे उठाओ रे, दीदी बाँट रही हैं.

सगळे एकदम खाली वाकले. बघता बघता फरशी साफ झाली. एकाने लिहिलं, प्रसाद है. मग सगळ्यांनी तेच लिहायला घेतलं, प्रसाद, प्रसाद, दीदी की जय. प्रसादाला भाव नसतो. तू घाईघाईने एका बोटाने लिहीत होतीस, प्रसाद नाही. लिहून झालं, आणि पाठवायच्या आत लाइट गेली.

काळ्या पडद्यासमोर तू तशीच बसलीस. म्हणालीस, "उचललं." एवढंच. मी तुझा तर्क चुकल्याचं बोललो नाही, आणि माझा बरोबर आल्याचा मला कधी इतका संताप आला नव्हता. तेवढ्यात वहिनी आली. लाइट नाहीच आहे तर एवढं होऊन जाईल, म्हणाली आणि लसणाचं सूप तुझ्यापुढे ठेवलं. तू ते मांडीवर घेतलंस आणि सोलायला लागलीस.

लाइट आली तरी तू कॉम्प्युटर लावला नाहीस. पुढच्या मंगळवारी-शुक्रवारी तू माझ्याशी वाद घातला नाहीस. मी मुद्दाम काही चुकीचं बोलून पाहिलं. वाकडं मडकं काढलं, नमुना काढला. तू म्हणालीस, हो, असेल तसं. नर्स म्हणाली, आज दीदी कितनी शांत हैं. मला वाटतं लोक जिला सोशीक म्हणतात ती बाई त्या दोन दुपारी मी पाहिली. ती मला आवडली नाही. नंतरच्या सोमवारी तुझा श्वास लागला आणि दादा तुला इंदूरला भरती करून रात्री परतला.

गुरुवारी गोलू आला. हार आणला होता. दादाजवळ बसला, खरोखर रडला. मग बाहेर अंगणात मला म्हणाला, "सर, किला उसी जड़ी से जीते हम. लड़के आज भी बोलते हैं, दीदी का प्रसाद था." तो थोडा घुटमळला. मुनीमच्या पोतडीत अजून लाकूड, कातडी, कितीतरी माल पडला असेल, पासवर्ड कोणाला ठाऊक आहे का, असं त्याने विचारलं. उगाच बेकार जाईल म्हणाला. मी सांगितलं, तिने कोणाला सांगितला नाही.

"कोई बात नहीं सर," तो म्हणाला. "वैसे भी अब क्या. नया अपडेट आया है, नीली जड़ी सीधे दुकान में मिलती है. जितनी चाहो. कोई दलदल में जाता ही नहीं." मोटरसायकलला किक मारताना त्याने मला विचारलं, सर, दीदी मुझसे नाराज़ तो नहीं थीं? मी म्हटलं, होती. तो मान हलवून गेला. माझ्या या उत्तराचा तुला आनंद झाला असता. शाबास तू तरीही म्हटलं नसतंस.

काल शुक्रवार होता. कॉलेजात माझी अर्धी रजा नेहमीसारखी लागलेली होती, मी ती रद्द करायला सांगितलेली नाही. व्हॅनवाल्याला कळवायचं राहिलं होतं. तो दुपारी येऊन फाटकाशी हॉर्न वाजवत उभा राहिला. मी बाहेर जाऊन त्याला सांगितलं. त्याने इंजिन बंद केलं, थोडा वेळ आम्ही दोघं उन्हात उभे होतो, मग तो रिकामी व्हॅन घेऊन परत गेला. मंगळवार आणि शुक्रवार दुपारी आता मला काही काम नाही.